आईच्या पायावरचा मोर

१९ नोव्हेंबर
दिवाळीपासून एक ओळ नाही. चुकलंच, पण लिहिण्यासारखं होतं तेच लिहवत नव्हतं. हिंगणीच्या रस्त्यावर रानडुक्कर आडवं आलं, ऑटो उलटला, आईचा डावा पाय खाली. नडगी मोडून हाड कातडीबाहेर. सावंगीच्या दवाखान्यात जखम धुतली, बाहेरून सळ्या लावल्या. पण हाड अजून उघडंच. त्यावर कातडी बसली नाही तर पाय जाऊ शकतो, डॉक्टर म्हणाले. मी शांतपणे 'बरं' म्हटलं आणि जिन्यात जाऊन रडले.

२० नोव्हें.
पोटरीची कातडी फिरवून नडगीवर आणणार. पोटरीवर आईचं गोंदण, मोर. लग्नाआधी आजीनं तिला गोंदवून दिलेला. वर जाताना तेवढंच सोबत येतं, असं आई मानते. "मोर उलटा होईल. चालेल ना?" डॉक्टरांनी मला विचारलं. हो म्हणणारच होते. पण पाय तिचा, मोर तिचा. आत जाऊन तिलाच विचारलं.
"मोर उलटा झाला तं झाला वं, पाय सरळ पायजे. अन् मले कुठं दिसते तो? मांगं असते."

२२ नोव्हें.
ऑपरेशन झालं. सिस्टर मधूनमधून सुई टोचून पाहते. लाल रक्त आलं म्हणजे कातडी जिवंत. रक्त पाहून इतका आनंद!
आई तिला: "काऊन टोचून राह्यली वं त्याले? उडून जाईन ना!"
सिस्टर हसत सुटली.

२६ नोव्हें.
तुऱ्याकडची कड काळसर. दिवसभर त्या कडेकडेच बघत बसले. डॉक्टर: थांबून पाहू. मीच 'करा' म्हणायला लावलं का आईला? विचारलं खरं, पण कसं विचारलं?

२ डिसें.
कड गुलाबी!! कातडी धरली. आईनं पाय पसरून पहिल्यांदा नीट पाहिलं. आम्हाला मोर उलटा. पाय पसरून बसलेल्या तिला मात्र सरळ.
"माह्याकडून तं बराबर हाये. तुमीच सारे उलटे."
शेजारच्या खाटेवरच्या काकूही उठून बघून गेल्या.

९ मार्च
एक्सरेत हाड जुळताना दिसतंय. परवा वॉकर धरून पायावर पहिल्यांदा वजन द्यायचं. पेललं तर सळ्या काढायचं बोलू, डॉक्टर म्हणाले.
"नाही पेललं तर?" मी.
"तू गप ना वं. पाय माहा हाये का तुहा?"
घरी येईपर्यंत हसत होतो दोघी. अपघातातली तिची डावी चप्पल फळीवर मागे सारून ठेवलेली आहे. टाकवली नाही, खाली काढायचाही धीर झाला नाही.

उद्या: डावी चप्पल काढून धुणे.