मेयोचे उंचवटे

३ मार्च
पोचले. पासिर रिसला, विनीताताईंच्या फ्लॅटमधली मागची खोली भाड्याने मिळाली, नवव्या मजल्यावर. खिडकीतून समुद्र दिसतो. आखून दिल्यासारखा, शिस्तीत वागणारा. ताईंनी आल्याआल्या पोहे पुढे ठेवले आणि बजावलं, की पुण्यातल्यासारख्या सभा इथे गाजवायच्या नाहीत, शेजारी पोलीस बोलावतील. मी म्हटलं, घशाला आता विश्रांती. त्या म्हणाल्या, तुझा घसा आणि विश्रांती, अश्लेषा?
उद्यापासून वन-नॉर्थच्या बिझनेस पार्कात नोकरी. सिंगापूरच्या एसीत बसून आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याचा, काउंटी मेयोचा, नकाशा करायचा. गंमत आहे.

६ मार्च
काय किनारा आहे. विमानातून लेसर सोडून जमिनीची उंची मोजली आहे. हात फिरवावा असा उठाव स्क्रीनवर दिसतो. अटलांटिकने कुरतडलेले कडे. आत मैलोगणती काळी दलदल, हजारो वर्षांच्या कुजलेल्या शेवाळाची. खाडीत अर्ध्या बुडालेल्या टेकड्यांची बेटं. डोंगरावर चढत गेलेली दगडी कुंपणं, ज्यांच्या आतली घरं दुष्काळात जमीनदारांनी पाडली. भूगोल म्हणजे इतिहासाने धरलेला अबोला, असं मी भाषणांत म्हणायचे. इथे तो दिसतो.
माझं काम ‘सफाई’. मीटरभराहून बुटकं ते सगळं निरर्थक: झुडपं, गवत, मेंढ्या. आमचे टीमप्रमुख प्रबोधसर यांनी पद्धत शिकवली. भोवती चौकट आखायची, बटण दाबायचं, जमीन गुळगुळीत. एका भूशिरावर गोलात मांडल्यासारखे बुटके उंचवटे होते. पुसले. तिथून रिसॉर्टचा रस्ता जाणार आहे.

११ मार्च
मेयोतली सर्वेक्षक नोरा व्हिडिओ कॉलवर आली. तिने एवढंच विचारलं, की भूशिरावरची पोरं कुठे गेली.
ते उंचवटे म्हणजे बाप्तिस्म्याआधी मेलेली बाळं. चर्चने पवित्र जमीन नाकारली म्हणून बापांनी ती खोक्यांत घालून समुद्राकाठी पुरली. उशाशी नाव नसलेला एकेक दगड. तिथे आजवर कोणी कुदळ लावलेली नाही.
आपल्याकडेही दात न आलेलं लेकरू जाळत नाहीत, पुरतात. माझं डोकं फिरलं. आधी धर्माने हाकललं, आता नकाशाने. साऱ्या ऑफिससमोर प्रबोधसरांना सुनावलं. त्यांनी शांतपणे विचारलं, भुतांचे तास कोणत्या क्लायंटच्या बिलात लावू. सगळे हसले. वर म्हणाले, बटण तर तूच दाबलंस.
चहा पिऊन परतले, तर ऑफिसचं दार माझा अंगठा ओळखेना.

१३ मार्च
दहाही बोटांवर रेषा नाहीत. डॉक्टर म्हणाली, सॅनिटायझर कमी वापरा. तळहातही कोरा होत चाललाय. ताईंनी थट्टा केली, की आता ज्योतिषी तुझं काय बघणार.
गादीवर ओली काळी माती. कुजक्या शेवाळाचा वास. नवव्या मजल्यावर.

१७ मार्च
मूठ वळली तरी पेरं वर येत नाहीत. आता कळलं. मी त्यांचं जे केलं, तेच ते माझं करतायत.
रिकाम्या खोलीत बोलले. तुमच्यासाठी भांडले, मी तुमच्या बाजूची. गादीवरच्या मातीत इवले इवले पंजे उमटत राहिले. भाषणासाठी थांबले नाहीत.
नोरा म्हणते, शुक्रवारी रस्त्याची खोदाई. कंपनीच्या नकाशात उंचवटे परत आले, किंवा मी स्वतः तोंडाने साक्ष दिली, तर ती यंत्रं अडवेल. साक्ष दिली की नोकरी गेली, इथे राहायचा वर्क पास गेला. नकाशाच दुरुस्त करते. बोटं अजून चालतात.

१९ मार्च
उंचवटे परत बसवले. फक्त नोराला पाठवायचं होतं. मागून प्रबोधसर आले. झाली का क्रांती, बाईसाहेब —
आणि मला दुसरंच सुचलं. उठून खुर्ची दिली. म्हटलं, सर, तुम्हीच पुसा. त्यांनी हसत चौकट आखली. बटण दाबलं.
मी सावध केलं नाही. मुद्दाम. आयुष्यात मिळालेल्या कुठल्याही टाळीपेक्षा गोड वाटलं.

२० मार्च
प्रबोधसर दाराशी ताटकळत उभे. अंगठा पुन्हा पुन्हा लावतायत. तोंडावर मास्क. मी हसले — हसायला गेले — गाल हलले नाहीत.
उंचवटे पुन्हा बसवायला घेतले. बोटं एकमेकांत मिसळलीत. सगळ्या कळा एकदम दाबल्या जातात. काल जमलं असतं. काल —

२१ मार्च
पेन दोन तळव्यांत धरून. संध्याकाळ. मेयोत शुक्रवारची सकाळ.
ताईंनी नोराला फोन लावून दिला. मागे यंत्रं सुरू झालेली. ती म्हणत होती, बोल, अश्लेषा, एकदा बोल. साक्ष द्यायची होती — ओठ उघडेनात — ओठच नाहीत. सभा गाजवणारी मी — एक शब्द —
ताई शेजारी मदत मागायला धावल्या.
आरशात नाक नाही. बुटकं ते सगळं —
दारातून ओली पावलं. लहान. खूप. गादीभोवती मातीने चौकट आखतायत — तीन बाजू झाल्या — चौथी