हुंकार देणारी ओळ

३ फेब्रुवारी, अकोला

काल चांदूर बाजारहून आलो. रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद केल्यावर या वयात मोबाइलवर बघून बघून प्रोग्रॅम लिहायला शिकलो, ते कामी आलं. अनीसाच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत काम मिळालं. पोरगी मला चाचा म्हणते आणि न मागता चहा आणून ठेवते. जीव लावणारी आहे.

काम सोपं. दुर्गाबाईंच्या गोष्टी रेकॉर्ड करायच्या. त्यांच्या घशाचं ऑपरेशन आहे, त्यानंतर आवाज राहणार नाही. लेक सीमा धारणीला असते. तिच्यासाठी आईचा आवाज ठेवायचा.

५ फेब्रुवारी

आपल्याकडे गोष्ट चालू असताना ऐकणाऱ्यानं 'हूं' म्हणत राहायचं असतं. रेकॉर्डिंगमध्ये ते नको म्हणून मी सगळ्यांना गप बसवलं. दुर्गाबाई म्हणाल्या, हुंकार नाई तं गोष्ट कोनाले सांगू भाऊ, भिताडाले? तरी सांगत गेल्या आणि छान रंगल्या.

एकच कटकट. आवाज पकडायला जी फुकटातली लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहिलेला तयार प्रोग्रॅम, घेतली, ती स्क्रीनवर नको ते लिहीत सुटते. दुसरा आवाज येतोय, दुसरा आवाज येतोय. माईक एकच आहे. बाई वाक्य संपवून थांबल्या की ओळ हजर. अनीसा म्हणाली, चाचा, बडबडी आहे ती, लक्ष नका देऊ.

६ फेब्रुवारी

लायब्ररीचं तोंड बंद केलं. तिच्या ओळी जिकडे जातात तिथं माझं एक रिकामं फंक्शन, म्हणजे काहीच न करणारा प्रोग्रॅमचा तुकडा, बसवलं. ते सगळं ऐकून घेतं, बोलत काही नाही. स्क्रीन सारवलेल्या अंगणासारखी स्वच्छ.

७ फेब्रुवारी

गोष्टीतली धाकटी सून विहिरीत उतरते, तिथं दुर्गाबाई अडल्या. म्हणाल्या, आमचे हे हुंकार देऊन राह्यले होते, त्याहीले काहून गप केलं? त्यांचे यजमान पंजाबराव कधीचेच वारले.

मग बाईंचे नुसते ओठ हलले. आवाज नाही. अनीसाला वाटलं, दुखणं वाढलं. जुन्या फाइली लावल्या. त्याही मुक्या.

८ फेब्रुवारी

रिकामं फंक्शन काढलं. ओळी परत आल्या नाहीत. ऑपरेशन उद्या.

बाईंसमोर बसलो, हेडफोन लावला आणि मीच म्हणालो, हूं. कानात त्यांचा आवाज आला. समोर नुसते ओठ. मी थांबलो, तो थांबला. मग थांबलो नाही.

९ फेब्रुवारी

ऑपरेशन झालं. बाई दवाखान्यात, गळ्याला पट्टी. गोष्ट इथं चालू आहे. सून अजून उतरतेच आहे. फाइलीत काही उमटत नाही, फक्त हेडफोनमध्ये, तेही मी म्हणतो तोवर. सीमा उद्या येणार. तोवर तरी —

अनीसानं विचारलं, चाचा, जेवले काय. हूं म्हणालो. दुसरं काही निघालं नाही.

१० फेब्रुवारी

सीमा आली. हेडफोन लावून ऐकलं. आईच आहे म्हणाली, रडली. मधात हुंकार कोण देते, बाबा काय, तिनं विचारलं. मी आहे, सांगायचं होतं. हूं.

माझं नाव विचारलं. हूं.

उठलो तर तिच्या आईचा आवाज पुन्हा —

स्क्रीनवर ओळी परत आल्या. दुसरा आवाज येतोय.

सून तळाशी पोचली. तिथं एक म्हातारा बसलाय, बाई सांगतात. कानाला हेडफोन. तो वर बघतो आणि म्हणतो —