रुजू होण्याचा कागद

सोमवार, ता. ४
शाळेत कविता शिकवताना गुरुजी टेबलावर पट्टी आपटून चाल धरायचे. लगागा, लगागा, लगागा, लगागा. एक ठोका हलका, दोन जड. पन्नास वर्षं झाली, तरी तो आवाज कानातून गेलेला नाही. आज कारखान्याच्या फाटकातून आत पाऊल टाकलं आणि डब्यांची झाकणं कापणाऱ्या माझ्या प्रेसने त्याच भुजंगप्रयात वृत्तात स्वागत केलं. तीन महिन्यांनी! ऊर भरून आला.

डाव्या हाताची दोन बोटं तिच्याकडेच राहिली. तिच्यावर पुन्हा बसवणार नाहीत, हे ठाऊक होतंच. साहेबांनी नवी जागा दिली आहे, सुरक्षेचं टेबल. खिडकी, कपाट, निळ्या शाईचा शिक्का. ज्यांना लागलं त्यांच्या घरी जायचं, झेपेल असं काम शोधायचं आणि माणूस बरा झाला की रुजू होण्याच्या कागदावर सही करायची. माझ्या सहीशिवाय कुणाला आत घ्यायचं नाही. फोरमन म्हणाला, कविता म्हणता म्हणून इतकी वर्षं मास्तर म्हणत होतो, आता खुर्चीही मास्तरांचीच मिळाली.

बुधवार, ता. ६
पॅकिंगमधल्या ताईंची कंबर धरली होती. खोकी अर्धीच भरा, टेबल वीतभर उंच करा, एवढंच मी सुचवलं. त्या म्हणाल्या, हे आधी सुचलं असतं तर माझी कंबर आणि नवऱ्याचे कान, दोन्ही वाचले असते.

कुलपांचा नियमही माझ्याकडे आला. प्रेसमध्ये हात घालण्याआधी प्रत्येकाने आपलं कुलूप मेन स्विचला लावायचं आणि किल्ली खिशात ठेवायची. ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं. मी त्या दिवशी आळस केला, बोटं गेली. जादा किल्ल्या माझ्या खणात असतात. त्या वापरायच्या तर तो माणूस आधी डोळ्यांसमोर उभा हवा.

माझ्या प्रेसवर आता एक चाळिशीचा गडी आहे. सतत शीळ घालतो, म्हणून शीळवाला. मला काका म्हणतो. भला वाटला.

सोमवार, ता. ११
त्याची शीळ प्रेसच्या ठोक्यावर बरोबर बसते. वृत्त म्हणजे काय, ते त्याला माहीत नसेल. मी तीस वर्षं तिच्यापाशी गुणगुणलो, माझा सूर कधी असा बसला नाही. फोरमन सांगत होता, हिच्या अंगावर हात फिरवावा तर याने. झाकणाची एक कोर वाकडी नाही. मला हे कशाला सांगायचं?

आणि तो माझ्या उशीवर बसतो. स्टुलावरची ती उशी माझ्या बायकोने जुन्या लुगड्यातून शिवली होती. घरी हिला सांगितलं, तर म्हणते, बसू दे की, उशीला काय तुमचं नाव लिहिलंय?

गुरुवार, ता. १४
शीळवाला घरी येऊन गेला. हिला पाण्याचा नळ दुरुस्त करून दिला. दहा बोटांनी. ही दिवसभर त्याचंच कौतुक करते आहे. पोरगा गुणी आहे म्हणे. चाळिशीचा पोरगा!

टेबलाशी बसतो, पण कान तिकडेच. माझी प्रेस त्याच्याकडे बघून गाते. गेलेली बोटं ठणकतात.

शनिवार, ता. १६
दुपारी जेवणाची घंटा झाली. प्रेस बंद, स्विचला शीळवाल्याचं कुलूप. फोरमन तणतणत आला, माल अडलाय, गडी डबा खायला गेला असेल, काढा ते कुलूप. जादा किल्ली घेतली. नियम मला पाठ आहे.
मी कुलूप काढलं. फोरमनने खटका दाबला.
एकच ठोका. अर्धा.

रविवार, ता. १७
हिला सांगितलं, शीळवाल्याला लागलंय, दवाखान्यात आहे, बरा होईल. खरं तोंडून निघेना. ती देवापुढे बसली.
तो जागीच गेला. त्याला नेताना मी पाहिलं.

मंगळवार, ता. १९
साहेबांनी विचारलं, कुलूप काढताना आतून आवाज आला नाही का? म्हणालो, नाही.
कारखाना बंद आहे, फक्त माझं टेबल चालू. तरी दुपारी घंटेच्या वेळेला शीळ वाजली. लगागा, लगागा—

बुधवार, ता. २०
टेबलाच्या खणात एक कागद. रुजू होण्याचा. नाव त्याचं, अक्षर त्याचं. तारीख उद्याची. सहीची जागा कोरी.
फाडला.

गुरुवार, ता. २१
खरं लिहितो. शीळ ऐकू आली होती. शनिवारी, प्रेसच्या आतून. किल्ली फिरवताना. मला वाटलं, एकदा तरी— एकदा तरी त्याचा ताल चुकावा. बस, एवढंच—

दुपार. आज घरीच आहे. दारावर थाप. एक हलकी, दोन जड. पुन्हा एक हलकी—
ही उठली. थांब म्हणालो, तोवर हिने कडी काढली.
ही हसते आहे. बाहेरच्या खोलीतून सांगते आहे, अहो, बघा कोण आलंय, बरा होऊन आलाय, तुमची उशीसुद्धा आठवणीने परत आणलीय, पण किती भिजलीय हो ही— काका आहेत का विचारतोय, एक सही हवीय म्हणे, आत पाठवते—
शीळ. दाराच्या अलीकडे. कागद माझ्या वहीवर ठेवला, तोच, फाडलेला, जोडलेला— त्याचा हात—