राखणीला आलेली कापशी

सोनई,
४ ऑक्टोबर २०२५

चि. निकिता हिस,
अ. उ. आशीर्वाद.

दसऱ्याला सोनं द्यायला येते म्हणालीस आणि सोन्याबरोबर कुत्रं ठेवून गेलीस, या धक्क्यातून मी अजून सावरलेले नाही. या घरात मी कधी मांजर शिरू दिलं नाही, हवं तर तुझ्या बाबाला विचार, माझाच भाऊ आहे तो. तू हात हलवून निघून गेलीस आणि मी दारात जेवढी अवाक् होऊन उभी होते, तेवढीच ती खाटेखाली थिजून बसली होती.

म्हणे राखणीला! अगं, राखणीचं कुत्रं असं असतं होय? पांढरीफटक, एक डोळा निळा, आणि माझी सावली अंगावर पडली तरी भिंतीत शिरायला बघते. काल ती झोपलेली असताना पाठीवर हात ठेवला, तर अशी दचकून उडाली की मीच मागं पडता पडता वाचले. तोंडातून आवाज म्हणशील तर नाही. म्हणजे राखण तिनं माझी करायची की मी तिची, एवढं तरी कळव.

हर्षलचं म्हणणं तुला माहीत आहेच. आई वस्तीवर एकटी, तिला ऐकू येत नाही, चहूबाजूंनी ऊस आणि उसात बिबट्या. फाटकातून कोण आलं, कोण गेलं, मला पत्ता नसतो. तेव्हा एक तर घरात कुणीतरी कान देणारं हवं, नाहीतर चंपाषष्ठीची तळी झाली की घराला कुलूप घालून मी पुण्याला त्याच्या फ्लॅटवर जायचं. मुलगा वाईट बोलत नाही, काळजीपोटीच बोलतो. पण मी तिथं गेले तर महिनाभरात वाळून जाईन, हे त्याला सांगून पटत नाही. माझी सगळी भिस्त या बाईसाहेबांवर आहे आणि त्या खाटेखालून बाहेर यायला तयार नाहीत.

उत्तर पत्रानंच दे. फोनवर तुम्ही सगळे विहिरीच्या तळातून बोलल्यासारखे वाटता. कानाचं मशीन शिट्या मारतं म्हणून डबीत ठेवलं आहे. गावच्या पोस्टात सगळा जन्म लोकांची पत्रं वाटण्यात गेला, आता दोन माझ्याही वाट्याला येऊ देत.

रागावले आहे, पण लोभ कमी झालेला नाही.

तुझी,
पुष्पाआत्या


अहिल्यानगर,
१० ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. मांजराचं खरं असल्याची साक्ष त्यांनी दिली आणि पोट धरून हसले.

आत्या, तिला थोडा वेळ दे. माझी मैत्रीण सविता रस्त्यावरची कुत्री आणून सांभाळते, हे तुला सांगितलंच होतं. तिला ही मनमाड रस्त्यावर एका बंद ढाब्यामागे सापडली. गळ्यात दोरी रुतलेली होती आणि ती सोडवायला गेलेल्या प्रत्येकाला बघून थरथर कापत होती. कुणीतरी मारझोड केली असणार, असं सविता म्हणते. अशी कुत्री आवाजाला फार भितात. म्हणून तू तिच्याशी हळू, गोड बोलत जा. दिवसभर काहीतरी बोलत राहा, पेपर वाचून दाखव, म्हणजे तिच्या कानाला तुझा आवाज ओळखीचा होईल. मागून जाऊन हात लावू नकोस. आणि जे नाव ठेवशील त्या नावानं सारखी हाक मार.

मला धास्ती आहे ती दिवाळीची. फटाक्यांनी अशी कुत्री सैरभैर होऊन पळतात. त्या दिवसांत दारं लावून घे, एवढं माझ्यासाठी कर.

तुझ्या रागाचा अर्धा वाटा सविताला पाठवते आहे, उरलेला मी घेते.

तुझी,
निकिता


सोनई,
२६ ऑक्टोबर २०२५

चि. निकिता हिस,
अ. उ. आशीर्वाद.

नाव ठेवलं, कापशी. शेवगावकडच्या वावरात फुटलेल्या कापसासारखी दिसते म्हणून. ठेवायला सोपं गेलं, पण त्या नावाला ओ देईल तर शपथ. कापशे, कापशे करून घसा बसला. मी स्वयंपाकघरातून हाका मारते आणि ही ओट्यावर पाठ करून ढिम्म बसलेली. असला तोरा मी सुनेचा नाही सोसला!

तुझ्या सांगण्यावरून रोज सकाळी तिला पेपर वाचून दाखवते. मला माझाच आवाज धड ऐकू येत नाही, त्यामुळं हळू काय आणि जोरात काय. बांधापलीकडच्या सुमनबाई म्हणतात, आता सगळ्या वस्तीला पेपर घ्यायची गरज उरली नाही. कापशी मात्र माझ्या तोंडाकडं टक लावून बघत असते. निकिता, इतकं मन लावून माझं आजवर कुणीही ऐकलेलं नाही.

दिवाळीची तुझी धास्ती फुकट गेली. ऐक, यंदा आमच्या वस्तीनं फटाके बंद केले आहेत! एवढी शांत दिवाळी मी पाहिली नव्हती. आम्ही दोघी ओट्यावर गोधडी टाकून बसलो होतो, ती माझ्या पायाला पाठ टेकून गाढ झोपली. हो, पाठ टेकून. पहिल्यांदाच. मी पाय तसाच ठेवला, मुंग्या आल्या तरी हलवला नाही.

आणि कान तिखट आहेत बरं का तिचे. पोस्टातले काकासाहेब टपाल घेऊन फाटकाशी आले, की फरशीवर पडल्या पडल्या ही आधी मान वर करते. रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर यायच्या आत हिला कळतं. भुंकत नाही, एवढंच. हर्षलला सांग, मी जिंकत आले आहे.

भाऊबीजेचे लाडू तुझ्या बाबाला पुरवून दे, सगळे तूच संपवू नकोस.

तुझी,
पुष्पाआत्या


अहिल्यानगर,
५ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पाठ टेकून झोपली हे वाचून मी कॉलेजच्या ऑफिसात सगळ्यांदेखत रडले. सविताला वाचून दाखवलं, तीही रडली. आम्ही दोघी या बाबतीत अगदी कामातून गेलेल्या आहोत.

हर्षलदादाचा फोन आला होता. कुत्री भुंकते का, असं त्यानं सरळ विचारलं. मी म्हटलं, ती मितभाषी आहे. तो हसला नाही. चंपाषष्ठीला येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघणार आहे म्हणे. माझ्या परीक्षांच्या ड्यूट्या आहेत, मला येता येणार नाही. म्हणून सांगते, तळी उचलताना सगळे एकदम येळकोट करतात, तेव्हा कापशीला आतल्या खोलीत कडी लावून ठेव. एवढ्या आवाजानं ती पुन्हा पहिल्यासारखी झाली, तर दादापुढे आपली बाजू पडेल.

इथं मी देव पाण्यात घालून बसते.

तुझी,
निकिता


सोनई,
२८ नोव्हेंबर २०२५

चि. निकिता हिस,
अ. उ. आशीर्वाद.

घाईत लिहिते आहे, अक्षर गोड मानून घे.

परवा चंपाषष्ठी झाली. हर्षल आणि सूनबाई अश्विनी सकाळीच आले. वांग्याचं भरीत, बाजरीचा रोडगा, पातीचा कांदा, सगळं साग्रसंगीत केलं. तुला माहीत आहे, आपल्याकडं तळी झाली की खंडोबाचा नैवेद्य आधी कुत्र्याला. दरवर्षी ताट घेऊन वस्तीभर कुत्रं शोधत हिंडायचं, यंदा घरचंच, म्हणून मी मोठ्या ऐटीत होते. तू सांगितल्याप्रमाणे तिला आत कोंडलं. पण ती कडी जुनीच ढिली. देवघरात सगळे जमले तेव्हा कापशी कधी आली आणि माझ्याशेजारी गोधडीवर अंग टाकून कधी झोपली, मला कळलंच नाही.

ताम्हन वर गेलं. हर्षल, सुमनबाईंचा पंकज, वस्तीवरचे बाप्ये, सगळ्यांच्या मानेच्या शिरा फुगलेल्या मी पाहिल्या. येळकोट माझ्या कानाला नाही, पण छातीला कळला. मला वाटलं, आता ही उधळणार. खाली पाहिलं तर कापशी झोपलेली. भंडारा तिच्या नाकावर उडाला, तेव्हा कुठं तिनं डोळा उघडला.

हर्षल तिच्याकडं बघत राहिला. मग स्वयंपाकघरातून पितळी परात आणि उलथणं घेऊन आला, पुन्हा डोळे मिटलेल्या कापशीमागं उभा राहिला आणि परातीवर उलथणं आपटलं. मला फक्त त्याचा हात हललेला दिसला. अश्विनीनं दोन्ही कानांवर हात घेतले, त्यावरून आवाज किती झाला असेल ते मला समजलं. कापशी हलली नाही. म्हणजे त्या खोलीत न दचकलेल्या दोघीच होतो, ती आणि मी.

एवढ्यावर भागलं नाही. सुमनबाईंनी माझ्या कानाशी तोंड आणून सांगितलं, “दिवाळीत आमच्या पंकजनं लई सुतळी बाँब वाजवले हुते, आन् तुमी दोघी वट्यावर निवांत बसला हुता, म्हनून मला लई नवल वाटलं हुतं.” निकिता, फटाके बंद केले म्हणून मी वस्तीचं कौतुक तुला लिहून कळवलं होतं गं!

हर्षलनं मोबाईलवर मोठ्या अक्षरांत लिहून माझ्यापुढं धरलं. कुत्री निकिताला परत करायची, आणि संक्रांतीनंतर मी पुण्याला यायचं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मला भांडताही आलं नाही.

नैवेद्य मात्र तिनं माझ्या हातून खाल्ला. पहिल्यांदाच हातून.

आज आशीर्वादाशिवाय द्यायला काही नाही.

पुष्पाआत्या


अहिल्यानगर,
३ डिसेंबर २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. लगेच सविताबरोबर जनावरांच्या डॉक्टरांना गाठलं. पांढरा रंग आणि निळा डोळा एवढं ऐकूनच त्यांनी कपाळाला हात लावला. अशी काही कुत्री जन्मतःच बहिरी निघतात म्हणे. इतक्या जणांनी तिला हाताळलं, औषध दिलं, कुणाच्याही हे लक्षात आलं नाही. आम्ही सगळे भीती भीती म्हणत राहिलो. आणि मी तुला काय शिकवत होते, तर तिच्याशी हळू, गोड आवाजात बोल! मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

तुला कान हवे होते, आणि मी हे काय देऊन बसले! सविता तिला परत घ्यायला तयार आहे. तिच्याकडं एक तांबडा कुत्रा आहे, पान हललं तरी भुंकतो. १४ तारखेला, रविवारी, त्याला घेऊन येते आणि कापशीला घेऊन जाते. दादाला अजून थोडं थांबायला मी सांगते, माझं तो ऐकेल.

माझ्यावर राग धर, तिच्यावर नको.

तुझी,
निकिता


सोनई,
८ डिसेंबर २०२५

चि. निकिता हिस,
अ. उ. आशीर्वाद.

एक धक्का पचतो न पचतो तोच तुझ्या पत्रानं दुसरा दिला. ऐकू येत नाही म्हणून परत करायची? मग पहिला नंबर माझा लागतो. मला कुठं परत करणार, ते आधी ठरवा आणि कळवा.

मी तिला पाठीमागून हाका मारल्या आणि ती आली नाही म्हणून रुसले. गावात लोक माझ्यावर असेच रुसतात. बाई हाकेला ओ देत नाही, पेन्शनीचा तोरा आहे, असं म्हणतात, हे मला ठाऊक आहे. ती भित्री नव्हतीच गं. मागून कोण येतंय ते कळत नाही आणि एकदम अंगावर हात पडतो, तर कुणीही दचकेल. मी स्वयंपाक करताना हर्षलनं खांद्यावर हात ठेवला, तर माझ्या हातातली कढई पडते. हे सगळं त्या पोरीत मला रोज दिसत होतं आणि मला समजलं नाही, याचं मला फार रडू आलं.

पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. बहिरी, तर मग काकासाहेब आल्याचं तिला कसं कळतं? म्हणून नुसती बघत बसले. गोधडीवर असली की तिला काहीच कळत नाही. उघड्या शहाबादी फरशीवर हनुवटी टेकून असली, की सगळं कळतं. आपलं लोखंडी फाटक दगडावर आदळतं, ते तिला फरशीतून समजतं. ट्रॅक्टरही तसाच. परवा वीजबिलाचा माणूस आला. आधी ती उठली, मग तिला बघून मी उठले, आणि तो ओट्यावर यायच्या आत मी दारात उभी! किती वर्षांनी असं झालं. बिचारा मला बघून दचकला.

आता मी हाक मारत नाही. टाच आपटते, ती मान वळवते, मग छातीवर हात ठेवला की पळत येते. तिच्यासाठी गोधडी फक्त झोपायला.

रविवारी ये, पण पट्टा आणू नकोस. तांबड्याला दुसरं घर बघ, त्याचं भुंकणं माझ्यावर वाया जाईल. याच पत्राची नक्कल हर्षलला पाठवते आहे.

तुझ्यावर राग धरायला जागा नाही, सगळी तिनं अडवली आहे.

तुझी,
पुष्पाआत्या


पुणे,
१३ डिसेंबर २०२५

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

शाळा सुटल्यापासून पत्र लिहिलेलं नाही, चुका पोटात घाल. तुझं पत्र मी गाडीत बसून वाचलं आणि बराच वेळ गाडी सुरूच करता आली नाही. तुला कुठं परत करणार, हे तू मला विचारावंस, याचा मला जो धक्का बसला तो लिहून सांगता येत नाही. मी तुला घरी आणायला निघालो होतो. तुला ते परत करण्यासारखं वाटेल, हे माझ्या मनातही आलं नाही.

संक्रांतीनंतरचं राहू दे. येत्या शनिवारी सुताराला घेऊन येतो. ओट्यावर लाकडी फळ्या टाकून घेऊ आणि त्या उंबऱ्यापर्यंत नेऊ, म्हणजे चप्पल काढून आलेल्याचं पाऊलही कापशीला कळेल. अश्विनी म्हणते, स्वयंपाकघरातही टाका.

आई, तुला ऐकू येईनासं झाल्यापासून मी तुझ्याशी फक्त ओरडून बोलतो. त्या कुत्रीसाठी तू खुणा शोधल्यास, तुझ्यासाठी मी एकही शोधली नाही. छातीवर हात ठेवायची खूण मला नीट दाखव. शनिवारी मी दारातून हाक मारणार नाही. टाच आपटेन, आणि कापशीला बघून तू मान वळवलीस की तीच खूण करीन.

कापशीच्या पाठीवरून हात फिरव, पण तिला दिसेल असा, समोरून.

तुझा,
हर्षल