गढूळ पाण्याची फिरकी

लॉरेन्स, कॅन्सस
२ मार्च १९८७

प्रिय दादा,
सा. न. वि. वि.

अत्यंत जड अंतःकरणाने कळवते की, तुझं पार्सल उघडताना आमच्या घरातली भाजी चिरायची सुरी कामी आली. तिच्या पश्चात दोन काटे, एक सोलणी आणि एक झारा असा परिवार आहे. वीतभर डब्याला माणसाने चिकटपट्टी किती लावावी, याला या देशात काही कायदा आहे की नाही? एक थर सोलला की आत दुसरा, दुसऱ्याच्या आत तिसरा. नवरोबा जीन लाकडाच्या वखारीतून आला तेव्हा मी डबा गुडघ्यांत धरून बसले होते. तो म्हणाला, तुझ्या भावाला आमच्याकडे कामाला पाठव, खिळ्यांचा खर्च वाचेल.

आत निघाली ती दरवर्षीचीच वाढदिवसाची, मासे धरायची फिरकी. सेफ्टी पिनेसारखी वाकवलेली तीच तार, खाली शिशाचं डोकं आणि गळ, गळाभोवती नारिंगी-पिवळ्या रबराची झालर, आणि वर पितळेची ती दोन गोल, थोराड पाती. मी चाळीस वर्षांची झाले, पण फिरकीचा थाट अजून सर्कशीतल्या विदूषकाचा. आभारी आहे.

डब्याच्या तळाशी वकिलाचं हक्कसोडपत्र होतं, तेही मिळालं. बाबांना जाऊन चार महिने होत आले. मृत्युपत्र त्यांनी केलं नाही, म्हणून तळ्यावरचं घर कायद्याने अर्धं तुझं, अर्धं माझं. पण थँक्सगिव्हिंगला टर्की कापता कापता ते दरवर्षी काय म्हणायचे, ते आपल्या दोघांनाही पाठ आहे. तळ्यावरचं घर मासे धरणाऱ्याचं. त्यावर सगळे माझ्याकडे बघून हसायचे, आणि सगळ्यांत मोठ्याने मी. अठ्ठावीस उन्हाळे त्या तळ्यात गळ टाकतेय, पण नाव घेण्याजोगा बास मासा माझ्या गळाला लागलेला आहे, असं म्हणणारा साक्षीदार सापडायचा नाही. गंमत अशी की, हीच फिरकी मी इथे आमच्या नदीत टाकते तेव्हा मासे रांग लावतात. आमच्या नदीचं पाणी म्हणजे दूध घातलेली कॉफी. तुमच्या तळ्यात पंधरा फुटांवरचे गोटे मोजून घ्यावेत. तिथे मात्र माझा हात कुचकामी.

तेव्हा सही करायला माझी हरकत नसावी, असं आज तरी वाटतं. एप्रिलमध्ये एकदा शेवटचं येईन, एक बास धरेन आणि सही करेन. तेवढ्यासाठी चेष्टा सोडून खरं सांग. इतक्या नितळ पाण्यात कुठली फिरकी टाकायची?

नेल्डावहिनीला नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू दे. वाढवलास तर चिकटपट्टीत कपात कर.

तुझी,
आर्डिथ


सीडर होलो, मिझुरी
९ मार्च १९८७

चि. आर्डिथ हीस,
अ. आ.

सुरीच्या दुःखद निधनाची वार्ता कळली. आम्ही दोघंही शोकाकुल आहोत. नेल्डा म्हणते, पुढच्या वेळी डब्याबरोबर करवत पाठवू.

तू कुठली फिरकी म्हणून विचारतेस आणि फिरकी तर तुझ्या हातात आहे! अगं बाई, पाणी काचेसारखं आहे म्हणूनच ती भडक हवी. माशाला लांबून दिसली पाहिजे. त्याने नीट बघावं, विचार करावा, मग यावं. ओढायची सावकाश, म्हातारीने स्वेटर विणावा तशी. तुझ्यासाठी म्हणून बाबांनी जो नमुना ठरवला होता, त्यात मी तसूभर बदल केलेला नाही. त्यांचे हात थरथरायला लागल्यापासून गेली सात वर्षं मीच तार वाकवतो, मीच शिसं ओततो. वस्तूत दोष नाही. आता काहींच्या हाताला मासा लागतो, काहींच्या हाताला चेरी भरून भाजलेला पाई जमतो. मी तुझ्या पाईला कधी नावं ठेवलीत का?

सहीचं मात्र १५ एप्रिलच्या आत कर. वकील नंतर फ्लोरिडाला जातो आणि जूनपर्यंत भाजून परत येतो. बँकेत नोटरी असते, फुकट शिक्का मारते. पंचवीस एप्रिलला नेल्डाच्या भाचीचं स्प्रिंगफील्डला लग्न आहे, तेव्हा तो आठवडा सोडून केव्हाही ये. घर काय, तुझंच आहे.

जीनला सांग, मला नोकरी नको, पगार चालेल. माया आहेच, ती अशीच असू दे.

तुझा,
व्हर्लिन


लॉरेन्स
२३ मार्च १९८७

श्री. व्हर्लिन स्टाउट यांस,
स. न. वि. वि.

आपलं पत्र पोचलं. त्यानंतर मी दोर घ्यायला धान्याच्या कोठारामागच्या गळाच्या दुकानात गेले होते. तिथे ओरेन टिब्स म्हणून सत्तरीचा माणूस बसतो. मिझुरीतल्या नितळ तळ्यावर जातेय म्हटलं, आणि कौतुकाने आपली फिरकी काढून त्याच्यापुढे ठेवली. त्याने चष्मा लावला, चष्मा काढला, आणि ही कुणी दिली म्हणून विचारलं. भावाने, म्हटलं. त्यावर त्याने अगदी अदबीने विचारलं की, सख्खा का?

मग त्याने मला उभ्या उभ्या जे शिकवलं, त्याला दहा मिनिटं पुरली. गोल जाड पातं पाण्यात धपधप करतं. गढुळात माशाला दिसत नाही, म्हणून त्याला ती धपधप आणि तो भडक रंग लागतो. नितळ पाण्यात त्याच गोष्टीने मासा पळतो. तिथे हवीत विलोच्या पानासारखी निमुळती, बारीक, चंदेरी पाती, बारीक तार, आणि आरपार दिसणारी पांढुरकी झालर, लहान माशाच्या अंगासारखी. लांब फेकायची, वाऱ्याने पाणी जरा खरखरीत झालेलं बघून फेकायची, आणि भरभर ओढायची. माशाला नीट बघायला वेळ मिळाला की तो शहाणा होतो, असं ओरेन म्हणाला. आणि आपण लिहिलंत की, त्याने नीट बघावं, विचार करावा.

मी लगेच विश्वास ठेवला नाही. माझा भाऊ आहे, म्हटलं. शनिवारी गावाबाहेरच्या चुनखडीच्या जुन्या खाणीवर गेले. तिथलं साठलेलं पाणी तुमच्या तळ्याइतकंच नितळ आहे. आपली फिरकी तासभर टाकली, सावकाश, स्वेटर विणत. काही नाही. मग ओरेनकडची लावली. अर्ध्या तासात तीन बास. तिसरा पुन्हा पाण्यात सोडून दिला. दगडावर बसले आणि हिशेब लावत राहिले.

आपल्या खोक्यात चंदेरी फिरक्या मी पाहिल्या आहेत. हात लावला की आपण म्हणायचात, त्या खोल पाण्याच्या, तुला जड जातील. माझ्या करंगळीपेक्षा हलक्या होत्या त्या. मी बोटीत मागे बसून नारिंगी विदूषक ओढत राहायचे, पुढे बसून आपण मासे काढायचात, आणि संध्याकाळी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचात, नशीब गं नशीब. मी गाढव होते, हे लेखी मान्य करते. माझ्या गाढवपणावरचे विनोद मी स्वतः वर्षानुवर्षं टेबलावर वाढले, लोकांनी ते दोनदोनदा मागून घेतले. आणि त्याच भांडवलावर मी आता अर्धं घर सोडायला निघाले होते.

एवढंच कळवावं. आपणांस माहीत होतं का?

हक्कसोडपत्र फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली आहे. सही झालेली नाही. लोभाचं काय ते आपलं उत्तर आल्यावर बघू.

आर्डिथ


(पोस्टकार्ड)
सीडर होलो, २७ मार्च

आर्डिथ,
पत्र मिळालं. माझ्याआधी नेल्डाने वाचलं. कालपासून चूल बंद आहे. सविस्तर लिहितो.
व्हर्लिन


सीडर होलो
४ एप्रिल १९८७

आर्डिथ,

मायना काय घालावा सुचेना, म्हणून घातला नाही. या पत्राचे तीन मसुदे फाडले. पहिल्यात मी ओरेन टिब्सला शिव्या दिल्या होत्या, दुसऱ्यात तुला. तिसऱ्यात मी निर्दोष होतो. तो नेल्डाने फाडला.

माहीत होतं.

पहिला उन्हाळा आठव. एकोणसाठ साल, धरण बांधून आपलं तळं नुकतं भरलेलं. तू बारा वर्षांची, मी सोळाचा. बाबांनी दोघांना सारख्याच चंदेरी फिरक्या करून दिल्या होत्या. त्या सकाळी तू सात बास काढलेस. मी एकही नाही. धक्क्यावर शेजारच्या कॅनफिल्डांची मुलं उभी होती, त्यांनी मोठ्याने मोजले. मी रॉड पाण्यात फेकला, दोन दिवस जेवलो नाही, आणि पुन्हा बोटीत पाय ठेवणार नाही म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी बाबांनी मला शेडमध्ये बोलावलं. ते तुझी नवी फिरकी रंगवत होते. नारिंगी. मला म्हणाले, ती मुलगी आहे, ती हसून घेईल. तुला ते जमायचं नाही. आणि कुणाला बोलू नकोस.

तळ्यावरच्या घरात शेकोटीच्या वरच्या फळीवर जो फोटो आहे, मी माशांची माळ धरून उभा आहे तो, त्यातले सातही तुझे आहेत. बाबा म्हणाले, व्हर्लिन, तू धर, तिला जड होतील.

सोळाव्या वर्षी मी गप्प बसलो, ते बाबांच्या खात्यावर टाक. तिसाव्या वर्षी गप्प बसलो, ते माझ्या. गेली सात वर्षं स्वतःच्या हाताने झालर कापली, त्याला तर माझ्याकडे शब्द नाही. दरवर्षी वाटायचं, या वेळी चंदेरी करू. मग वाटायचं, आता केली तर विचारेल की आधी का नाही.

पण एक मीही विचारतो, आणि हे नेल्डाला दाखवलेलं नाही. बाबांच्या शेवटच्या वर्षात त्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला स्प्रिंगफील्डला कोण नेत होतं? छप्पर कोणी घातलं, पंप कोणी बसवला, गारपिटीनंतर खिडक्या कोणी लावल्या? तू यायचीस, हसायचीस, पाई खाऊ घालायचीस, जायचीस. त्या घराला तू एक खिळा तरी ठोकलास का? मासे जाऊ देत. त्या मोजमापाने घर माझं आहे. वकील पंधरा तारखेला निघतो.

काय लिहून संपवायचं, कळत नाही.

व्हर्लिन


लॉरेन्स
२८ एप्रिल १९८७

दादास,
नमस्कार.

पंधरा तारीख गेली. हक्कसोडपत्र सोबत परत पाठवतेय, जसं आलं तसं, कोरं.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला मला बसायला जागा हवी होती, म्हणून तुम्ही लग्नाला गेलात त्या शुक्रवारी तळ्यावर गेले. किल्ली माझ्याकडेही आहे. ती वापरायला कुणाला विचारावं लागतं असं इतकी वर्षं का वाटत होतं, कोण जाणे. चादरी धुऊन ठेवल्या आहेत. कॉफी संपवली, नवा डबा फडताळात आहे.

ते सात मासे मला आठवत होते, दादा. पहिल्याने उडी मारली, तेव्हा बाबांच्या टोपीवर पाणी उडालं होतं, हेसुद्धा. पण फोटोत माळ तुझ्या हातात, बाबा येईल त्याला सांगणार की हे माझ्या व्हर्लिनचे. तेव्हा मी धरून चालले की आठवण माझीच चुकतेय. लहान होते, स्वप्नबिप्न पडलं असेल. मासे नेलेत त्याचं मी एक वेळ सोडून देईन. माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं मला खोटं वाटायला लावलंत, ते कसं सोडू? फोटोला मी हात लावलेला नाही. तो तिथेच असू दे. आता तो तुलाच बघायचा आहे.

ती हसून घेईल, असं बाबा म्हणाले, आणि मी घेतलं. माणसाची पारख होती त्यांना. तुझ्यावरचा राग मी पत्रात घालून तिकीट लावून पाठवू शकते. त्यांच्यावरचा कुठल्या पत्त्यावर पाठवू? कबरीवर गेले होते. नेल्डावहिनीने ट्यूलिप छान लावलेत. दोन मिनिटं उभी राहिले, मग पाय दुखायला लागले.

शनिवारी सकाळी वारा होता, पाणी खरखरीत झालं होतं. धक्क्याच्या टोकावरून ओरेनकडची चंदेरी फिरकी टाकली. पाच बास. चार सोडले, एक मक्याच्या पिठात घोळवून तळला आणि उभ्यानेच खाल्ला. कुणी मोजायला नव्हतं. तू विश्वास ठेवायलाच हवा असं नाही.

मी उन्हाळ्यात येणार आहे. जुलैचे तीन आठवडे. तुम्ही असाल तर असा. तुझ्या बोटीत मात्र मी बसणार नाही.

राहिलं खिळ्याचं. मी आठवून पाहिलं, तू लिहिलंस ते खरं आहे. बाबांना तू नेलंस, तेही खरं, आणि त्याची फेड माझ्याकडून व्हायची नाही. खिळ्याची होण्यासारखी होती. धक्क्याच्या अठराच्या अठरा फळ्या कुजल्यात, हे चालताना पायालाच कळलं. जीनला फोन केला, तो दुपारी वखारीतून देवदाराच्या फळ्या घेऊन आला. त्याला काठावर बसवलं, हातोडीला हात लावू दिला नाही. छत्तीस खिळे लागले. नऊ फळ्या बदलल्या आहेत, एक सोडून एक. मधल्या नऊ तुझ्या.

पाय जपून टाक.

आर्डिथ