बाकावरून उठलेल्या तिघी

३ मार्च
निवड झाली! पुस्तकांच्या बोटीवर! नदीकाठच्या गावांना पुस्तकं पोचवायची, फाटलेली तिथेच शिवायची. आईला पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. महिनाअखेरीस आमचं बाइंडिंगचं दुकान बंद होतंय, त्यामुळे जीव टांगणीला लागला होता. आई म्हणाली, "आणि बोट कोण चालवणार? तू?" काहीतरीच हिचं.

४ मार्च
आईचंच बरोबर. मी दुसरं पान उलटलंच नव्हतं — "आपली बाइंडिंगमधली अठरा वर्षं, बुडणाऱ्यांना वाचवल्याबद्दलचं पदक आणि डिझेल इंजिनांचा अनुभव पाहून समिती थक्क झाली." मीही झाले! मला पोहता येत नाही. शिलाई मशीनची मोटरसुद्धा दादा दुरुस्त करतो.

गप्प बसावं असं तासभर वाटलं. इथे खोटं कशाला लिहू?

६ मार्च
कार्यालयात गेले. कारकून बाईंनी नाव पुकारलं आणि बाकावरून तिघी उठलो. तिघींच्या हातात तेच पत्र! नाव-आडनाव एकच, म्हणून तिघींचे अर्ज एकाच फाइलीत. एक पोहणं शिकवते, बोलते ती तलावाच्या पलीकडे ऐकू जाईल अशी. दुसरी गॅरेजात मेकॅनिक. आधी शाळेत शिक्षिका होती. "मुलांपेक्षा इंजिन बरं. निदान ऐकतं तरी." हसून हसून पुरेवाट!

साहेब हसले नाहीत. पद एकच. आम्ही हटून बसलो तेव्हा म्हणाले, "बरं, वर तीन पदं मागून बघतो. नाहीतर एकीलाच घेईन." कारकून बाईंना आमच्यादेखत झाडलं. वाईट वाटलं. पण इतकी साधी गोष्ट कळू नये? मलाही राग आलाच.

९ मार्च
पोहणारीच्या घरी जमलो. ठरलं — तिघी, नाहीतर कुणीच नाही. सगळ्यात आधी मीच हो म्हटलं. परत येताना मनात आलं — हातातोंडाशी आलेली नोकरी घालवतेय का मी? पण किती वर्षांनी कुणाशी इतकी बोलले! शब्द दिलाय, आता माघार नाही.

१७ मार्च
कार्यालयाकडून अजून काही कळलं नाही. दुकानातलं कागद कापायचं मशीन आज नेलं.

२१ मार्च
मंजुरी आली! पण आदेशावर आमचं नाव चार वेळा. नको तो घोळ, म्हणून धावत कारकून बाईंकडे गेले — "बाई, पुन्हा चूक झालीय."

त्या टेबल आवरत होत्या. "चूक नाही ती. बोटीवर पुस्तकांच्या नोंदी कोण ठेवणार? साहेब न वाचता सही करतात."

"आणि तेव्हाचे अर्ज? एका फाइलीत?"

"वेगवेगळे ठेवले असते तर तिघीही बाद झाल्या असतात. तिन्ही कामं एकीलाही येत नव्हती."

मग गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यांनी माझ्यापुढे सरकवलं. माझंच नाव.