निळ्या फितीचा घोडा

प्रिय दाश्न्याम,

फोनवर तू "हो ताई, हो ताई" म्हणतोस आणि मग तुला हवं तेच करतोस, म्हणून हे पत्र लसीच्या गाडीवाल्याच्या हाती पाठवतेय. बसून वाच. मी तुझ्यावर भयंकर चिडले आहे.

आयझादाला मी उलानबातरहून आपल्या खोऱ्यात कशाला आणलं होतं, ठाऊक आहे ना? किरगिझ सरकारने तिला आमच्या प्रयोगशाळेत शिकायला पाठवलंय. मला हे काम जपानात हिरामात्सु सरांनी शिकवलं, आता मी तिला शिकवत होते. घोड्याच्या नाकातून पू वाहायला लावणारा हा रोग माणसालाही मारतो. म्हणून कळपातल्या एकूण एक जनावराचं रक्त तपासायचं, एकही सुटता कामा नये, असं मी तिला वाटभर पढवत होते. आणि आदर्श म्हणून दाखवला कुणाचा कळप, तर माझ्या सख्ख्या भावाचा.

तुझ्या तंबूसमोर आपण घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे वाडगे घेऊन बसलो होतो, तेवढ्यात टेकडीमागून तो करडा घोडा पाण्यावर आला. आयाळीत निळी फीत, नाकपुडीला पिवळा पू. आयझादाने वाडगा खाली ठेवला. "ताई, याचं रक्त कुठल्या नळीत आहे?" त्यावर तू किती सहज म्हणालास, "तो आकाशाला वाहिलेला आहे. त्याला सुई लावत नाहीत. तुमची माणसं आली की मी त्याला टेकडीमागे नेतो." ती हसलीसुद्धा नाही. "आमच्याकडेही लपवतात," एवढंच म्हणाली, "कारणं वेगळी असतात, इतकंच." मला तोंड कुठे लपवू असं झालं.

दरवेळी तू त्याला मागे नेत राहिलास, आणि दरवेळी मी वर कळवत राहिले की खोरं स्वच्छ आहे. त्या भरवशावर शेजारच्या खोऱ्यातल्यांनी तुझ्या घोड्या नेल्या. आता त्यांच्याकडेही नाकं वाहताहेत. तुझी नोमिन त्याच पाण्यावर खेळते. पत्र वाचून झालं की आधी पोरीला दवाखान्यात ने. काही झालं नसेल, पण ने.

त्या दिवशी तुझ्याशी भांडून मी त्याचं रक्त काढलं, त्याचा निकाल आला. सरांकडूनही पडताळून घेतला. त्याला रोग आहे. बुधवारी आमची माणसं येतील आणि शेवटची सुई मी देईन, दुसऱ्या कुणाला देऊ देणार नाही. मी जपानला शिकायला निघाले तेव्हा मी सुखरूप परत यावं म्हणून आईने लामाकडून ज्या शिंगराला ती फीत बांधवली, ते हेच. तू त्याला माझ्यासाठी लपवलंस हे मला कळतं, आणि त्याचाच राग जास्त येतो. त्या फितीला बाईमाणसाने हात लावायचा नाही असा आईचा नेम, म्हणून आधीच कळवतेय. मी पोचायच्या आत हातमोजे घालून ती सोडून ठेव. नीट उकळून, रीतीप्रमाणे ती दुसऱ्या शिंगराला बांधू. पण त्याआधी मी त्या नव्या शिंगराचं रक्त काढणार, आणि सगळ्यांसमोर त्याची मान तू धरायचीस.

तुझीच,
अनुझिन ताई